अकरावा प्रवासी

सगळ्यात आधी माफी मागतो. या सदरात लोक स्मशानाजवळचे, बंद बंगल्यातले अनुभव लिहितात. माझा अनुभव कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला आहे, तोही भर दुपारचा, एसी चालू असताना. शिवाय मला लिहायची सवय नाही… आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आणि भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. म्हणजे, बहुतेक.

मी हरसूलकडचा. आमचं घर रस्त्यापासून आत, झाडीतून पायवाट. बाजाराहून परतताना शेवटच्या वळणावर ‘आलो गं’ अशी हाक द्यायची, ही आईची सक्ती. हाक न देता जो घरात शिरतो त्याच्या मागोमाग वाटेवरचं कोणीतरी आत येतं, असं तिचं म्हणणं. मी सायन्सचा विद्यार्थी. हाक द्यायचो, पण आईसाठी.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेज शहरात, गंगापूर रोडला, खोली इंदिरानगरात, आणि खोलीत माझ्यासोबत वर्गातलाच, मालेगावचा इम्रान. सी भाषेच्या प्रॅक्टिकलसाठी मी बस रिझर्व्हेशनचा प्रोग्राम केला होता. दहा सीट, दहा प्रवासी, त्यांची यादी छापायची. त्यात पॉइंटर नावाची गोष्ट असते — मेमरीतल्या खणांवरून फिरणारं बोट समजा. ते पहिल्या प्रवाशावर ठेवायचं, पुढे पुढे सरकवायचं, रिकामा खण लागला की थांबायचं.

प्रॅक्टिकल गेलं तर वर्ष जाणार होतं, आणि ते वर्ष माझ्या एकट्याचं नव्हतं. धाकटी बहीण सुनी बारावीला होती. तिला पुढे शिकायचं होतं, आणि वडील म्हणाले होते, “आधी याचं काय व्हतं ते बघू, मंग तुझं.”

साधा चालवला तर प्रोग्राम छान चालायचा. पण सरांचा नियम असा, की परीक्षेत ऑप्टिमायझेशन लावूनच चालवायचा, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपाइलरला ‘हे वेगवान करून दे’ असं सांगून. तसं केलं, आणि दहाव्या प्रवाशाखाली अकरावा उगवला. नावाच्या जागी चौकोन आणि दोन हसरे चेहरे. वय उणे सतरा हजार.

इम्रान स्क्रीनकडे वाकला. मग म्हणाला, “उणे सतरा हजार… मरूनपण लय दिवस झाले रे याला. तिकीट काढलंय का विचार.”

मी पहारा बसवला. बोट दहाच्या पुढे गेलं तर थांब, अशी अट लिहिली. अट डोळ्यांसमोर दिसत होती, तरी अकरावा तिच्या नाकासमोरून बसमध्ये चढला. शेवटी गडबड कुठे होतेय ते कळावं म्हणून यादीच्या आधी काहीतरी छापणारी एक ओळ टाकली. मुलं अशा वेळी ‘हॅलो’ वगैरे छापतात. माझ्या हातून, इंग्रजी अक्षरांत, ‘आलो गं’ टाइप झालं.

अकरावा गेला.

ओळ काढली, तो आला. परत घातली, गेला. ‘आलो गं’ काढून तिथे ‘हॅलो’ लिहून पाहिलं… आला. इम्रानने आपली खुर्ची जरा लांब घेतली. नंतर म्हणाला, ओळ राहू दे, तिच्या नादी लागू नकोस.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. प्रोग्राम चालला, दहा प्रवासी आले, मला हायसं वाटलं. मग कोडवरून पेन फिरवता फिरवता त्या थांबल्या. “हे ‘आलो गं’ काय आहे?”

मी म्हणालो, डीबगिंगसाठी, चूक शोधायला होतं, मॅडम.

“मग आता काय काम त्याचं? काढा. परत रन करा.”

ओळ काढली. कंपाइल केलं. बोट एंटरवर ठेवलं, पण दाबवेना… डोळ्यांपुढे सुनी. आणि मला कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, हळूच, पण निघालं — “आलो गं.”

मॅडम म्हणाल्या, “कुठे?”

मी एंटर दाबलं. दहा. फक्त दहा.

त्या पुढच्या मुलाकडे वळल्यावर इम्रानने तोच प्रोग्राम त्याच मशीनवर, काहीही न बदलता, पुन्हा चालवला. अकरावा हसऱ्या चेहऱ्यांसकट हजर.

मी पास झालो. वडिलांनी शब्द पाळला, सुनी याच कॉलेजात, याच शाखेला आली. तिला मी तो प्रोग्राम देऊन ठेवला होता. परवा तिचा फोन आला. “दादा, तुझं भूत सापडलं.”

तिने समजावलं ते असं. दहा प्रवाशांना मी दहाच खण दिले होते, थांबायचा रिकामा खण ठेवलाच नव्हता. बोट हद्दीबाहेर जायचं. तिथे नशिबाने शून्य, म्हणजे रिकामं असलं तर थांबायचं, नसलं तर पाहुणा. माझ्या ओळीने फक्त मेमरीतली मांडामांड हलत होती. आणि पहारा? अट मी खण उघडून झाल्यावर लिहिली होती. कंपाइलर धरून चालला, की ज्या अर्थी खण उघडला त्या अर्थी तो हद्दीतलाच असणार, मग अट हवी कशाला? वेगासाठी त्याने पहारेकरीच काढून टाकला. हद्द ओलांडल्यावर काय व्हावं याला त्या भाषेत नियमच नाही म्हणे. काहीही होऊ शकतं.

“मग त्या दिवशी, ओळ नसताना, दहाच का आले?”

ती म्हणाली, “काहीही म्हटल्यावर त्यात बरोबर येणंसुद्धा आलंच ना, दादा.”

हे उत्तर झालं का, मला अजून ठरवता येत नाही. त्यात तिच्या नव्या कॉम्प्युटरवर सगळं उलटं आहे, ओळ असली की अकरावा येतो, नसली की येत नाही. इम्रानला कळवलं, तर म्हणाला, आता हाक ओळखायला लागला असेल.

फोन ठेवता ठेवता सुनीने खरी बातमी सांगितली. तिचं पॉइंटरचं प्रॅक्टिकल झालं होतं. रिकामा खण ठेवला होता, अट योग्य जागी होती, सगळं नियमात. निकालही लागला, पास झाली.

मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, “एंटर दाबायच्या आधी ‘आले गं’ म्हटलं मात्र. उगाच आपलं.”