एकादशीची पाहुणी

वच्छलाकडे 'ती' यायची, पण न कळवता कधी नाही. आधी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चांदीची करवत चमकायची. भाकरी थापता थापता अर्धी भाकरी दिसेनाशी व्हायची. समोर सासूबाई असल्या तर त्यांचं अर्धं तोंड जायचं. (तेवढाच काय तो फायदा.) मग अर्ध्या तासात कपाळाच्या उजव्या बाजूला बसून कुणीतरी मागाचा साचा खडखडत चालू करायचं. त्यात मिलचा भोंगा झाला की कवटी पितळेची असल्यासारखी घुमायची.

लोक त्याला अर्धशिशी म्हणत, आणि अर्धशिशीवर औषध न सांगणारा माणूस वच्छलाला उभ्या सोलापुरात भेटला नाही. सुंठ उगाळून लावली, नाकात तूप सोडलं. सूर्य उगवायच्या आत जिलबी-दूध खावं असं कुणी सांगितलं, तर नवरा हिंदुराव पहाटे हलवायाला उठवून पुडा घेऊन आला. वासानंच तिला उलटी झाली. जिलबी हिंदुरावानं संपवली. त्याचं डोकं जन्मात कधी दुखलं नाही, तेव्हा औषध चांगलंच असणार.

मग दिवाळीच्या ऐन अमावस्येला ती आली.

"अमुशेला आली. म्हंजे भायेरचं हाय," सासूबाई रंभाबाईंनी निकाल दिला. पुढच्या खेपेला ती अमावस्येच्या दोन दिवस आधीच आली, तर त्या म्हणाल्या, "घाई झाली आसंल तिला."

पौषातल्या अमावस्येला देवऋष्याकडं न्यायचं ठरलं. तो बाईचे केस खिळ्यानं बाभळीला ठोकतो आणि निंबाच्या फोकानं विचारतो, "कोण हाईस तू?"

वच्छलाला फोकाची भीती नव्हती. विचारल्यावर आपल्या तोंडून खरंच दुसरं कुणी बोललं तर? अंधारात पडल्यावर तिला वाटायचं, कपाळातली ती ओळखीची आहे. नाव घ्यायचं तेवढं बाकी आहे.

अमावस्येला चार दिवस उरले, आणि एकादशीलाच करवत चमकली. पुढचा दिवस गेला तसा गेला. तिसऱ्या दिवशी पाळी आली आणि वच्छला बाहेर बसली. कशाला हात लावायचा नाही, काम करायचं नाही. दाराशी गोणपाटावर बसून समोरची भिंत बघायची. भिंतीवर कॅलेंडर. त्यावर रंभाबाईंची शाई चाले. सून बाहेर बसली की कोळशाचा ठिपका, म्हणजे देवाधर्माला घोटाळा नको. आणि दिवाळीपासून, देवऋष्याला दाखवायला, भुताच्या फेरीला काजळाची फुली.

वच्छला ठिपक्याकडं बघत राहिली. मग फुलीकडं.

"आत्याबाई, खालच्या जुन्या कॅलेंडरची पानं उचला की. मला शिवायचं न्हाय."

"का? भूत तितं लपलंय व्हय?"

"फुलीपासनं म्होरं मोजा. ठिपका कुटं हाय?"

रंभाबाईंनी बोट ठेवलं. फुलीच्या पुढं दुसऱ्या घरात ठिपका. पान पालटलं. पुन्हा दुसऱ्या घरात. तिसऱ्या पानावर तसंच.

"आन् ह्या बारीला अमुशा न्हाय, एकादस हाय," वच्छला म्हणाली. "एकादशीला कंचं भूत उपास सोडून येतंय?"

रंभाबाई हसल्या नाहीत. हातातलं पान खाली सोडलं. मग त्यांनी पदर मागं सारला. तेरा वर्षांच्या संसारात वच्छलानं सासूचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. भांगाच्या बाजूला रुपयाएवढी जागा मोकळी होती. तिथं परत केस उगवलेच नव्हते.

"मला बी यायची ती. बाभळीला ठोकलं, कोंबडं दिलं."

"मग गेली?"

"गेली की. तीस वर्सांनी. लई सावकाश चालणारं कोंबडं हुतं." त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला. "पाळी थांबली त्याच साली गेली बघ. मला वाटलं, कोंबडं पोचलं."

संध्याकाळी हिंदुरावानं विचारलं, "अमुशेला किती वाजता निगायचं?"

"डाक्टरीणबाईंकडं निगायचं. कॅलेंडर काखंत घे. दोनी," रंभाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ठिपके-फुल्या लावून पाहिल्या. म्हणाल्या, "असा केसपेपर मलाही लिहिता आला नसता." त्या दिवसांत बाईच्या अंगातला हार्मोन उतरतो आणि काहींचं डोकं उठतं, असं त्यांनी समजावलं. करवत दिसली की लगेच गोळी, अंधार, शांतता.

"जाईल का?" वच्छलानं विचारलं.

"पुरती नाही. पण कधी येणार, ते आता तुम्हाला ठाऊक आहे."

पुढच्या महिन्यात रंभाबाईंनी बोटं मोजून आदल्या दिवशीच खिडकीवर वाकळ टांगली. करवत आली. वच्छलानं गोळी घेतली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. साचा सुरू झाला. जरा मंद होता, पण होता. तेवढ्यात भोंगा व्हायची वेळ झाली आणि अंधारात कुणाचे तरी दोन खरखरीत तळवे तिच्या कानांवर घट्ट बसले. भोंगा कुठंतरी लांब, विहिरीच्या तळाशी वाजून गेला.

वच्छलाच्या तोंडून, नको म्हणता म्हणता, तो प्रश्न निघालाच.

"कोण हाय?"

"मीच हाय," रंभाबाई म्हणाल्या. "नीज."