वडिवळ्याच्या डोंगरातली हाळी

गेल्या आठवड्यात वडिवळ्याच्या वर, डोंगरात तंबू ठोकून तीन दिवस राहिलो. एकटाच. घरचे नको म्हणत होते... पण जायचंच होतं.

दरवर्षी भातकापणी उरकली की मी आणि धाकटा भाऊ वसंता कामशेतला उतरून तिथे जायचो. पलटणीच्या लिलावातून घेतलेला जुना तंबू, दोघांनी मिळून उचलायचा. श्रावणात वसंता विषमज्वराने गेला. या वर्षी तंबूला हमाल करावा लागला.

आमची कामं वाटलेली होती. तंबू, सरपण, चूल माझ्याकडे... बोलणं सगळं वसंताकडे. डोंगराखालच्या वाडीतल्या लोकांची चेष्टामस्करी करायची, दिवस मावळताना खडकावर उभं राहून आरोळ्या ठोकायच्या, हे त्याचं. खालून वाडीतलंही कुणीतरी ओरडायचं. मला तो सगळा पोरकटपणा वाटायचा.

सुरक्षिततेची काळजी मात्र मी नेहमीसारखीच घेतली होती. पाण्याच्या वाटेपासून दूर जागा निवडली, कारण अंधार पडला की जनावरं तिथेच उतरतात. भाकरीचा डबा लांबच्या झाडाला उंच टांगला, खरकटं पुरलं, चूल पेटती ठेवली. कुऱ्हाड हाताशी होती, कारण घाटाकडच्या आडवाटांवर लुटालूट होते असं येताना पॅसेंजर गाडीत दोघे बोलत होते.

पहिल्याच दिवशी सूर्य मावळला आणि खालून हाक आली... "हाय काऽऽऽ?"

मी ऐकली. दुसरी ऐकली, तिसरीही ऐकली... उत्तर दिलं नाही. ती हाक वसंतासाठी होती. आणि खरं सांगायचं तर श्रावणापासून मी कुणाशी धड बोललोही नव्हतो, ओरडणं तर दूरच.

थोड्या वेळाने झाडीत उजेड हलताना दिसला. टेंभे होते. पाच-सहा माणसं वर चढत होती, हातांत कोयते आणि काठ्या, आणि एकजण पत्र्याचा डबा बडवत होता.

मी कुऱ्हाड घेऊन तंबूच्या मागे उभा राहिलो. दरोडेखोर डबा बडवत येत नाहीत, एवढंही त्या वेळी सुचलं नाही...

पुढे आले ते वाडीतले म्हातारे आबा. त्यांच्या मागे चंद्रामावशी. आबांनी माझ्या कुऱ्हाडीकडे पाहिलं, मी त्यांच्या कोयत्याकडे.

"जित्तं हाय गं चंद्रे," आबा मागे वळून म्हणाले.

"मंग मिठाची गुळणी धरून बसलावता व्हय?" मावशी माझ्यावर कडाडली. "चुलीचा धूर दिसला म्हनून तीनदा हाळी दिली! आमी म्हनलं, वाघरानं वढून न्येलं!"

चारच दिवसांपूर्वी खालच्या ओढ्यात बिबट्याने तिचं वासरू मारलं होतं. वर यायची वाट त्या ओढ्यातूनच आहे. ती माणसं अंधार पडताना त्या वाटेने चढून आली होती... माझ्यासाठी.

मग इतक्या वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते आबांनी सांगितलं. तिथली घरं लांब लांब आहेत. दिवस मावळला की एक घर दुसऱ्याला हाळी देतं, आणि उत्तर आलं की मगच दार लावून घेतं. वसंताने आमचा तंबूसुद्धा त्या घरांमध्ये धरायला लावला होता.

"आवाज असला की जनावर लांब ऱ्हातं," आबा म्हणाले. "अन् चोरालाबी कळतं, ह्यो मानूस एकला न्हाई. तुमचं धाकलं कुटंय पन? वसंतराव?"

मी सांगितलं. हळूच सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. डबा बडवणाऱ्याने डबा खाली ठेवला.

"न सांगता ग्येला बगा," मावशी म्हणाली. निघताना आबा एवढंच म्हणाले, "उद्याच्याला हाळीला वो तुमीच द्यायची."

दुसऱ्या दिवशी सूर्य टेकला तसा मी वसंताच्या खडकावर जाऊन उभा राहिलो. हाळी आली. मी "आहे" म्हणालो... ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

"आयकू न्हाई आलंऽऽऽ! जेवला न्हाई व्हयऽऽऽ?" खालून मावशी. पाठोपाठ चार-पाच जणांचं हसणं.

मग मी ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबलो नाही... "आहेऽऽऽ! मी आहेऽऽऽ!" समोरच्या कड्यावर आपटून माझाच आवाज परत आला. खाली अंगणांतले दिवे एकेक करून घरांत गेले.

निघायच्या दिवशी वाडीत जाऊन सगळ्यांना सांगून आलो. "सांगितलंसा त्ये बरं क्येलं, न्हाईतर पुन्यांदा चढाय लावलं असतं," मावशी म्हणाली, आणि तांदळाच्या दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या.

तुमच्यापैकी कुणी डोंगरात राहायला जाणार असेल तर चूल, डबा, कुऱ्हाड हे सगळं पाहाच. पण आधी जवळच्या वस्तीत जाऊन आपलं नाव सांगा... आणि हाक आली की ती दुसऱ्या कुणासाठी आहे असं माझ्यासारखं न मानता उत्तर द्या.

श्रावणापासून माझा आवाज बंद होता. इथे ऑफिसात, आळीत, सगळ्यांनी ते समजून घेतलं आणि मला एकटं सोडलं. त्यांचंही चुकलं असं नाही... पण वाडीतली माणसं कोयते घेऊन बघायला आली.

त्यांचे उपकार कसे मानायचे, कळत नाही. पुढच्या भातकापणीनंतर त्याच जागी तंबू लावीन... आणि पहिल्याच हाळीला ओ देईन.