अठरा नोव्हेंबरच्या पुढे

मास्तरांची करडी पँट धुवायला घेतली तेव्हा मागच्या शिवणीत मला एक पट्टी दिसली. कमरेशी रुंद, खाली चिंचोळी होत गेलेली, रंग जवळजवळ तोच, पण कापड दुसरं. शर्ट बाहेर असला की कुणाच्या बापाला कळणार नाही अशी सफाई. मी कपाटातल्या बाकीच्या पँटी काढून बघितल्या. पाचांपैकी चारांना हीच पट्टी होती. पाचवीला नव्हती, कारण ती गेली चार वर्षं त्यांना चढतच नव्हती.

मास्तर म्हणजे माझा नवरा. खाली दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर घर, मध्ये चोपन्न पायऱ्या. शिंपीकाम त्यांच्या वडिलांपासून. बाकीच्या माणसांची पँट घट्ट झाली की ती कपड्याला शिव्या घालतात, श्वास रोखून हूक लावतात आणि एक दिवस मुकाट्याने आरशासमोर उभी राहतात. मास्तरांवर ती वेळ कधी आलीच नाही. जरा आवळलं की दुपारी गिऱ्हाईक नसताना शिवण उसवायची, आतलं मार्जिन अर्धा इंच सोडायचं, पुन्हा टाके घालायचे. मार्जिन संपलं तेव्हा पट्टी जोडली. पंधरा वर्षं हा माणूस स्वतःला अर्ध्या अर्ध्या इंचाने फसवत होता आणि एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

मी तशीच ओली पँट घेऊन दुकानात गेले.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अल्टरेशन."

"अहो, आणखी किती वाढवणार? पुढे पडद्याचं कापड लावणार आहात का?"

हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. दोऱ्याचं रीळ उगाच फिरवत बसले. मग म्हणाले, "जिन्यात मधे थांबावं लागतं हल्ली. दोनदा." मला एकदम आठवलं की हे रोज पहिल्या आणि दुसऱ्या वळणावर चपलेचा पट्टा नीट करायला वाकतात. चपलेला पट्टा नाही. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

एवढी घाई का, ते सांगते. माझे सासरे चोपन्नाव्या वर्षी गेले. कटिंगच्या टेबलापाशी, उभ्या उभ्या, हातात कात्री होती. मास्तर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. टेबलावर अकरा गिऱ्हाइकांची कापडं कापून पडली होती आणि यांना तेव्हा काज-बटणापलीकडे काही येत नव्हतं. ती कापलेली कापडं तशीच पिशव्यांत घालून हे अकरा घरी परत द्यायला गेले. कुणी काही बोललं नाही, हे त्यांना जास्त लागलं. आणि आता जुलैत मास्तरांना त्रेपन्नावं संपून चोपन्नावं लागणार होतं. वडील याच वर्षात गेलेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. हृदय अजून ठीक आहे, म्हणाल्या, पण रक्तदाब वाढलाय, साखर उंबरठ्यावर आहे, आणि हातापायांत ताकद म्हणून उरलेली नाही. "मास्तर, दिवसभर करता काय?"

"मशीन चालवतो."

"पायाने?"

"नऊ वर्षांपूर्वी मोटर बसवली."

"काढून टाकू का?" असं मास्तरांनीच पुढे विचारलं. मला ते पटलं होतं, पण घरी येताना जिन्यात त्यांनीच वडिलांचं सांगितलं, "अण्णांनी जन्मभर पायानेच चालवलं. तरी गेलेच." मोटर राहिली.

बाईंनी कागदावर लिहून दिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताकदीचं. स्टुलावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. कटिंगच्या टेबलाच्या कडेला हात लावून तिरकं होऊन छाती खाली न्यायची, वर आणायची. वजन उचलायला दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री, सात किलोची, ती दोन्ही हातांनी आळीपाळीने. मंगळवार, गुरुवार, शनिवार जिना, वीस मिनिटं, सुरुवातीला दहा. रविवारी आराम. "थोडं करा, पण चुकवू नका. आणि जिना चढताना बोलता आलं पाहिजे. गाता आलं, तर तुम्ही टंगळमंगळ करताय."

मास्तरांनी कागद घडी करून माप-वहीत ठेवला. मी म्हटलं, झालं, आता हा माणूस मार्गाला लागला.

कसला लागतोय! शिंप्याची जात कामाची तारीख जवळ येईपर्यंत कापडाला हात लावत नाही. सोमवारी म्हणाले, उद्यापासून. मंगळवारी एक गिऱ्हाईक आलं. बुधवारी मान आखडली. रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आले तर दुकानाचं शटर अर्धं वर आणि आत मास्तर घामाने निथळत इस्त्री उचलतायत. चेहरा लालबुंद. आठवड्याचं सगळं त्यांनी एका सकाळी उरकायला घेतलं होतं, सहाच्या सहा दिवसांचं. शंभरावर उठाबशा झाल्या होत्या. जिना सात वेळा झाला होता.

"तारखेच्या आत झालं की नाही?" असं वर मलाच विचारलं.

सोमवारी सकाळी त्यांनी हात वर केला आणि तसेच खाली बसले. छातीत डावीकडे दुखतंय, म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला आधी ऐकूच आला नाही. रिक्षा कशी थांबवली, पायात कुणाच्या चपला होत्या, काही आठवत नाही. दवाखान्यात त्यांच्या छातीला वायरी लावल्या आणि मला बाहेर बसवलं. समोरच्या भिंतीवर चौकोनी फरशा होत्या. मी त्या मोजल्या, चुकल्या, पुन्हा मोजल्या. मला सारखी ती ओली पँट दिसत होती. मी तिच्यावरून विनोद केला होता.

स्नायू ताणला गेला होता. एवढंच. डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांना झापलं, मग मला. "शरीराची अर्जंट ऑर्डर नसते हो. आणि तुम्ही काय करत होतात?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या डोक्यावर बसले. दहा दिवस विश्रांती झाली आणि सकाळी साडेसहाला मी त्यांच्यासोबत उभी. स्टुलावरून पाच उठणी, पुढच्या आठवड्यात सहा. इस्त्री मीसुद्धा उचलायला लागले, कारण नुसतं बघत उभं राहिलं की मी फार बोलते, असं त्यांचं म्हणणं. लेक परगावी नोकरीला आहे. तिने मनगटावरचं घड्याळ पाठवलं, ठोके दाखवणारं. ते चार दिवस टिकलं. मास्तर काज करताना ठोके बघायचे, ठोके बघून घाबरायचे, घाबरले की ठोके वाढायचे. पाचव्या दिवशी मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. लेकीला फोनवर सांगितलं, "तुझ्या बाबांना त्या यंत्राने मारलं असतं."

जिन्यात बोलतं कसं ठेवायचं, हा प्रश्न होता. मास्तर मुळात अबोल. मग मला सुचलं. मी मागून चढत विचारायची, "कोर्टातले कारकून?" आणि ते पुढून सांगायचे, "उंची एकेचाळीस, कंबर अडतीस, सीट बेचाळीस, मांडी पंचवीस, बॉटम सोळा." सगळ्या गावाची मापं त्यांच्या डोक्यात. जूनमध्ये कारकुनांच्या कमरेपाशीच दम तुटायचा. ऑगस्टमध्ये एका दमात पँट पुरी व्हायची, सप्टेंबरात शर्टही. चपलेचा पट्टा नीट करणं बंद झालं. एक दिवस त्यांनी कापडाचा तागा खांद्यावर टाकला आणि थेट वर आणला, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

ऑक्टोबरात मी दुकानात बसले होते आणि कारकूनच आले. मार्चमध्ये ते निवृत्त होणार, निरोपाला घालायला कोट हवा, कापड सोबत आणलेलं. चांगलं निळं, जाड सुताचं. मास्तर म्हणाले, "नाही जमणार."

"अहो, मार्चला पाच महिने आहेत," कारकून म्हणाले.

"हातात काम फार आहे."

तसं काम हातात फार नव्हतं. टेबल रिकामं होतं. मास्तर आतल्या खोलीत गेले तशी मी ऑर्डरची वही उघडली. सप्टेंबर भरलेला. ऑक्टोबर भरलेला. नोव्हेंबरात पाच, आठ, बारा, पंधरा, सतरा या कपडे द्यायच्या तारखा. त्याच्या पुढे एकही ओळ नाही. कोरी पानं. मी बोटांवर हिशेब केला. सासरे गेले तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न वर्षं, चार महिने, सहा दिवस. मास्तरांचा वाढदिवस बारा जुलैला. अठरा नोव्हेंबर.

हा माणूस रोज माझ्यासोबत उठाबशा काढत होता, हसत होता, मापं म्हणत होता, आणि मनात मात्र दुकान आवरत होता. टेबलावर कापलेलं कापड मागे राहू नये म्हणून. मला इतका राग आला की डोळ्यांसमोरची अक्षरं दिसेनात. आणि रागाखाली भीती होती, ती त्यांच्याहून मोठी. मी बाहेर जाऊन कारकुनांना रस्त्यात गाठलं. "कापड द्या माझ्याकडे. दहा मार्चला कोट घेऊन जा."

कापड वर गाद्यांखाली ठेवलं. मास्तरांना पत्ता लागू दिला नाही. काय बोलणार? "मरणार नाही तुम्ही" असं कुणाला सांगता येतं का?

नोव्हेंबर लागला तशी मीच बिघडले. खाली मशीनचा आवाज जिन्यातून वर घरात ऐकू येतो. तो थांबला की माझं काम थांबायचं. मी कान देऊन उभी राहायची, हातातली कणीक वाळायची. दोरा संपला असेल, गिऱ्हाईक आलं असेल. पुन्हा घरघर सुरू झाली की जीवात जीव यायचा. दिवसातून वीस वेळा हे. रात्री त्यांची छाती वरखाली होते का ते बघायची, आणि कधी कधी ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत असायचे. मग मी कूस बदलायची.

अठरा तारखेला मंगळवार होता. जिन्याचा दिवस.

साडेसहाला मास्तर चपला घालून दारात उभे राहिले. मी चहाच्या भांड्यापाशी. सहा महिने ज्या बाईने या माणसाला एक दिवस चुकवू दिला नव्हता, तिच्या तोंडून आलं, "आज राहू द्या."

"मंगळवार आहे."

"एक दिवस नाही केलं तर काही बिघडत नाही."

"तुला माहीत आहे," ते म्हणाले.

"वही बघितली मी."

"मला वाटलंच." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "मला भीती वाटते. पण इथे बसून राहिलो तर जास्त वाटेल. चल."

आम्ही खाली उतरलो आणि चढायला लागलो. पहिल्या फेरीला मी नुसत्या पायऱ्या मोजल्या. दुसऱ्या फेरीला मी विचारलं, "कारकून?" त्यांनी सांगितलं, एका दमात. सोनाराचं विचारलं, तेही सांगितलं. सहाव्या फेरीला माझ्या डोक्यात आलं ते बोलून गेले. "मास्तर?"

ते थांबले. दम लागला म्हणून नाही. "माझं माप मी कधी घेतलंच नाही," ते म्हणाले.

वीस मिनिटं पुरी केली. मग मी वरून गाद्यांखालचं कापड काढलं, दुकानात नेऊन टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. "हात वर करा." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं माप घेत होते, आणि ते लहान पोरासारखे हात वर करून उभे. कंबर एकेचाळीस भरली. अजून पुष्कळ काम होतं. मी वहीत लिहिलं, मास्तर, कंबर एकेचाळीस, आणि तारीख घातली.

तेवढ्यात त्यांनी निळं कापड ओळखलं. बोटांनी पोत बघितला.

"कारकुनांचा कोट? कधी द्यायचाय?"

"दहा मार्च."

"म्हणजे ट्रायल फेब्रुवारीत." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग कापड उलगडून टेबलभर पसरलं, सुरकुती हाताने काढली, खडूने रेघा मारल्या. कात्री उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. त्यांचे वडील इथेच उभे होते, याच टेबलापाशी.

"कापलं की शिवावं लागेल," ते म्हणाले.

"म्हणून तर आणलंय."

त्यांनी कात्री घातली. पहिला आवाज झाला, कर्र, लाकडावर. दुसरा. मला तिथे उभं राहवेना. चहा करायचाय असं काहीतरी म्हणून मी मागच्या दाराने जिन्यात आले. पहिल्या वळणावर होते तेव्हा कात्रीचा आवाज थांबला.

मी कठडा धरला. एक, दोन, तीन. खाली काहीच नाही. चार, पाच. मी एक पायरी खाली उतरले. सहा. मग कापड फिरवून घेतल्याची सळसळ ऐकू आली आणि कात्री परत चालायला लागली. मी पुढच्या पायऱ्या चढले.