चोरपुळणीची वाट

भिकाजीकाका सकाळी उठले की तोंडाआधी पाय धुवायचे. आळीच्या विहिरीवर एकेक बोट चोळत निवांत बसायचे आणि पाण्याला आलेल्या बायका घागरी घेऊन ताटकळायच्या. कोणी बोललंच तर मान वर न करता म्हणायचे, "तोंड काय, बसल्या जागी कमावतं. हिंडावं लागतं ते या बिचाऱ्यांना. मग मान कोणाचा आधी?"

ते जातीनं आमच्यासारखे तांबट, पण हातोडा त्यांनी कधी धरला नाही. कसबा पेठेतल्या आमच्या आळीत दिवसभर भांडी ठोकण्याचा आवाज. "कान वाचवायला जासूद झालो," असं ते सांगत. सरकारी पत्रं कमरेला बांधून ते पायी थेट दिल्लीपर्यंत जाऊन आले होते. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर मला सिंहगडावर नेणारे, उतारावर पाऊल कसं टाकावं ते शिकवणारे काकाच. "वाट विचारावी म्हाताऱ्याला, अंतर विचारावं बाईला," हे त्यांचंच. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "डोक्यावर हंडा असला की कोस बरोबर मोजला जातो."

माझा थोरला भाऊ, महादूदादा, श्रीमंतांच्या तोफखान्यात ओतकाम करी. एका नव्या तोफेला बार भरून पाहताना ती फुटली आणि एक गोलंदाज जागीच गेला. तोफखान्याच्या दारोगानं तांबं चोरून मिसळ धातू ओतायला लावला होता, हे दादाला ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडण्याआधीच दारोगानं सगळं त्याच्यावर ढकललं. बेड्या पडायच्या आत दादा पळाला. कुठं, ते फक्त मला माहीत होतं. कोकणात आमच्या आजोळच्या गावापलीकडे डोंगराआड वाळूची एक पुळण आहे. ओहोटीलाच तिथं जाता येतं. लहानपणी आम्ही तिला चोरपुळण म्हणायचो.

चार महिन्यांनी वहिनीला मुलगी झाली. वहिनी जेवेना, बोलेना. "त्यांना एवढं कळवा हो भावजी," इतकंच म्हणायची. एक दिवस काका ओट्यावर टेकले आणि हळूच म्हणाले, "विसू, जाणार असलास तर एकटा जाऊ नकोस. वैशाखातला घाट आहे. मला ठिकाण सांगूही नकोस. तू पुढं चाल, मी मागं येतो."

मला ठिकाण विचारलंसुद्धा नाही, या एका गोष्टीनं मी विरघळलो.

तो प्रवास मी आजही विसरू शकत नाही. ताम्हिणीच्या बाजूनं आम्ही घाट उतरलो. काका साठीचे, पण माझ्या पुढं जाऊन करवंदांच्या जाळीत शिरायचे आणि पंचाभर करवंदं घेऊन वाट पाहत बसायचे. मी धापा टाकत काही सांगू लागलो की म्हणायचे, "चढताना बोलू नये, उतरताना ऐकू नये. सपाटीवर सांग." सपाटीवर मी सगळं सांगितलं. दादाचं, दारोगाचं, वहिनीचं. स्वतःचा मुलगा गणू, त्याच्याबद्दल मात्र ते अवाक्षर बोलत नव्हते. गणूही जासूद. त्याच्याजवळचं पत्र शत्रूच्या हाती पडलं म्हणून वर्षभर किल्ल्यावर अटकेत होता.

तिसऱ्या दिवशी खाडीकाठच्या गावात थांबलो. तिथं काकांनी विचारलं, "ओहोटीची वाट म्हणतोस, ती किती वेळ उघडी असते रे? अडकून पडायचो."

मी शहाण्यासारखं सांगितलं, की सध्या दुपारी उघडते, रोज दोन घटका उशिरानं, आणि डोंगराच्या नाकाला वळसा घातला की पुळण. काकांनी मान डोलावली. मग पायात काटा मोडलाय, तेल बघतो, म्हणून ते गावात गेले. खाडीवर सरकारी चौकी होती. मी आंब्याखाली पडून कैरी खात होतो.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढून, केवड्याच्या रानातून उतरून आम्ही काळ्या खडकांपाशी आलो. पाणी मागं सरलं होतं. शेवाळावरून बसत-सरकत पलीकडे गेलो आणि पुळण समोर आली. पांढरी, कोयत्यासारखी वळलेली, तिच्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. मागं उंडीची झाडं. काका पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभे राहिले. हिंदुस्थान पालथा घातलेल्या त्या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता. "चार दिवसांवर होतं हे," ते म्हणाले, "आणि मी आयुष्यभर उत्तरेला पळत राहिलो."

माडाच्या झापांच्या खोपटातून दादा आला. दाढी वाढलेली, काळा पडलेला. मुलगी झाली म्हटल्यावर तो वाळूतच बसला. "कोणासारखी आहे?" हे त्यानं तीनदा विचारलं. मग त्यानं तांदळाची पेज केली, मासे भाजले. काका लांब बसून राहिले.

"काका, या ना."

"उपास आहे माझा."

त्या दिवशी कसलाच उपास नव्हता. मला ते जाणवलं आणि मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यांनी दादाच्या हातचं काही घेतलं नाही, नुसतं झऱ्याचं पाणी प्यायले.

दुपारी पाणी ओसरलं आणि खडकांवरून पाच शिपाई उतरले. दादा त्यांच्याकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिला. "विसू, तू?"

काका उठून मध्ये आले. "त्याला काही माहीत नाही. मी आणलं यांना."

शिपाई दादाचे हात मागं बांधत होते. दादा काकांकडे वळला. मग त्यानं एवढंच विचारलं, "गणू सुटेल ना?"

काकांनी तोंड फिरवलं. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, छातीवर बुक्के मारले. त्यांनी हात वर केला नाही. परतीचा घाट मी एकटा चढलो.

गणू महिन्याभरात सुटला. दारोगानं काकांना दिलेला शब्द पाळला. पण बापाच्या घरी तो आठ दिवसच राहिला. आळीतल्या लोकांच्या नजरा त्याला सोसेनात. तो फौजेबरोबर उत्तरेला गेला तो गेलाच. दादा दोन पावसाळे किल्ल्यावर होता. मग दुसरी तोफ फुटली, तिसरी फुटली, तेव्हा दारोगा उघडा पडला आणि दादाला सोडलं. बेड्यांनी त्याच्या मनगटांची वाट लावली होती. बोटं जड झाली, ओतकाम संपलं. श्रीमंतांच्या वाड्यापुढच्या मंडईत तो वहिनीबरोबर भाजी विकू लागला.

दादा सुटून घरी आला त्या दिवशी काका आमच्या दाराशी आले. मी दार अडवलं. "इथं कोणी नाही तुमचं."

"खरं आहे," म्हणाले आणि वळले.

त्यानंतर एकदाच आम्ही बोललो, नदीच्या घाटावर. माझ्या मनात सलत होतं ते मी विचारलंच. "वाटेत हसत होतात, करवंदं देत होतात, ते सगळं खोटं?"

"घाट उतरेपर्यंत खरं होतं," ते म्हणाले. "माफी मागत नाही, विसू. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पोर आहे माझं. पण तुला नेलं, ते फार वाईट केलं." मी उठलो. माफी मागितली असती तर निदान नाकारता आली असती.

दोन वर्षांनी काका गेले. आळी त्यांच्यापासून आधीच तुटलेली, गणूचा पत्ता नाही. तिघे खांदेकरी मिळाले, चौथा मिळेना. मला बोलावणं आलं. मी भांड्यावर ठोके मारत बसून राहिलो. मान वर केली तर दादा पंचा खांद्यावर टाकून बाहेर पडत होता.

तो तिसऱ्या प्रहरी परतला. हातांनी तांब्या धड धरवत नव्हता म्हणून मीच त्याच्या अंगावर पाणी ओतलं.

"हलका होता रे अगदी," तो म्हणाला.

मी दुसरी घागर शेंदायला विहिरीवर गेलो.