साखरेचं ऊन

कुडव्याच्या आमच्या घरी नवी स्कूटर यायची होती, आणि मला ती हवीच होती. मी गोंदियाला बी.एस्सी. करत होते, रोज सायकल हाणून हाणून जीव जायचा. पण बाबांचा पाय प्लॅस्टरमध्ये आणि तिरोड्याकडच्या शेतात धानाची रोवणी लागलेली. त्यांनी धाकट्या भावाला सांगितलं, रोवणी संपेपर्यंत बांधावर उभा राहा, स्कूटर तुझी. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. असा संताप आला म्हणून सांगू!

भाऊ एक नंबरचा कामचोर. सकाळी शेतात तोंड दाखवायचा आणि दिवसभर गोंदियात मित्राच्या खोलीवर कूलरपुढे लोळायचा. त्या साली पावसानं दडी मारलेली, मोटारीच्या पाण्यावर रोवणी चाललेली. बाया उन्हानं करपून निघत होत्या आणि हा लोण्याच्या गोळ्यासारखा गोरा. बाबांना संशय येणार, हे त्यालाही कळलं.

आमच्या आतेबहिणीनं परदेशातून एक ट्यूब आणली होती. उन्हात न जाता कातडी रापवायची. गोरे लोक पैसे मोजून काळे होतात हे ऐकून आई पोट धरून हसली होती. भावानं ती ट्यूब लंपास केली आणि वरचं इंग्रजी वाचायला माझ्याचकडे आला. मी सांगितलं, यातला मसाला म्हणजे एक साधी साखर. कातडीच्या वरच्या थरात मुरते, काही तासांनी रंग चढतो. तोंडाला लाव, हाताला लाव, मान विसरू नको. लावून झाल्यावर तळहात लगेच धुवा, ही ओळ मात्र मी गिळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तो खरंच रापलेला. पोरगं किती वाळलं, म्हणून आई हळहळली. बाबाही खूश दिसले. गेली स्कूटर, मी मनाशी म्हटलं. मग त्यानं बाबांना चहाचा कप दिला. बाबांनी कप खाली ठेवला आणि त्याचा हात धरून उलटा केला. तळहात गाजरासारखा केशरी.

"तळहातावर ऊन कसं पडलं रे बाबू? दिवसभर सूर्याले भीक मागून राहिला होतास काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याच्या जागी रोवणीवर मी. नुसती बांधावर उभी नाही राहिले, बायांसोबत चिखलात वाकले. कंबरेचा पार काटा ढिला झाला. शेवटच्या दिवशी घरी आले तर बाबांनी माझेही हात बघायला मागितले. तळवे पाण्यानं पांढरे पडून सुरकुतले होते. बाबांनी त्यांवर किल्ली ठेवली.

भाऊ दारातच उभा होता, दोन्ही हात खिशात घालून.