वाकल्यावरचा थांबा

आमच्या तोक्योच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत शिओमीबाईंनी चाळीस वर्षं हातानं चित्रं काढली. गेल्या वर्षी संगणकावरची एक मुलगी वाकून नमस्कार करताना झटका खायची. दिग्दर्शक कानेमारू तीन दिवस संगणकाच्या नावानं खडे फोडत होता. आम्ही माना डोलवत होतो.

बाईंनी एकदाच पाहिलं. "ही वाकते कुणापुढे?"

"मेलेल्या मैत्रिणीच्या आईपुढे," कानेमारू म्हणाला.

"मग वर यायची एवढी घाई? बस सुटतेय का तिची?"

वाकलेलं चित्र त्यांनी वीस चौकटी, म्हणजे जवळजवळ सेकंदभर, तसंच ठेवायला लावलं आणि उठणं संथ केलं. झटका गेला.

मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोपाला कानेमारू त्यांच्यापुढे वाकला. सवयीनं मी मनात मोजू लागलो. वीस चौकटी केव्हाच उलटल्या, तो वाकलेलाच होता.