अधिकाचा उपास

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, आजी, तू ‘नाही’ का म्हणालीस? तुमच्या बाबांनी आणि काकांनी ठरवलं होतं की मी सहा महिने तुमच्याकडे राहायचं आणि सहा महिने काकांकडे. दोन्ही घरी माझ्यासाठी खोली आहे. मी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि विषय बदलला. ते कारण खरं नव्हतं. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, म्हणून खरं कारण त्याआधीच लिहून ठेवते. आयुष्यभर मी घोडेगावात इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीत लिहिते आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं इंग्रजीत बोललेली मला ऐकू येत नाहीत. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

माझी एक आत्या होती. आळ्याजवळच्या एका वस्तीवर तिला दिलेली होती. माझी आई लवकर गेली, तेव्हा काही वर्षं तिनेच मला सांभाळलं. तिला दोन मुलगे, दोघेही माझ्याहून लहान. आत्याचे यजमान वारले आणि वर्षभरात भावांची वाटणी झाली. घराच्या मधोमध भिंत आली, जमिनीचे दोन भाग झाले, विहिरीचं पाणी दिवसांवर वाटलं गेलं आणि आत्या महिन्यांवर. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. तिचं अंथरूण मात्र हलत नव्हतं. ती पुढच्या पडवीतच राहायची. पडवीत दोन दारं उघडत. ज्याचा महिना असेल त्याच्या दारातून ताट येई. अमावास्या झाली की दुसऱ्या दारातून.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या भागात कितीतरी घरांत असंच चाले. आत्याही म्हणायची, दोन्हीकडचं खायला मिळतं, बरंय की.

महिने अर्थात मराठी. चैत्र थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, ज्येष्ठ पुन्हा थोरल्याचा. पण आपल्या पंचांगात तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, त्याला अधिक महिना म्हणतात. त्या महिन्यात लग्नकार्य करत नाहीत. उपास करतात, दान देतात, आणि जावयाला जेवायला बोलावून पुरण भरलेले धोंडे वाढतात. वाटणीनंतरचा पहिला अधिक महिना ज्येष्ठात आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नुकतीच निवृत्त झाले होते.

त्या महिन्यात मी एसटीने आळ्याला गेले. थोरल्याकडे लेक-जावई धोंड्याला आले होते. आतून तुपाचा वास येत होता. आत्या पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिचे हात इतके बारीक झाले होते की चांदीची कडी कोपरापर्यंत सरकत होती. जेवलीस का, म्हणून विचारलं तर म्हणाली, अधिकाचा उपास धरलाय, एकदाच खाते, दिवस मावळल्यावर. थोरल्याची बायको दारातून कौतुकाने म्हणाली, "आमच्या म्हातारीचं लई कडक असतं बरं का." गल्लीतल्या दोन बायका येऊन आत्याच्या पाया पडून गेल्या. मलाही कौतुक वाटलं.

दिवस मावळला. जावई जेवले, पाहुणे पान खात ओट्यावर बसले. दोन्ही दारांतून कुणीच ताट घेऊन आलं नाही. मी आत जाऊन थोरल्याच्या बायकोला विचारलं. ती जराही न अडखळता म्हणाली, हा आमचा महिना नाही, तिकडं विचारा. धाकट्याच्या बायकोने सांगितलं की त्यांचा वैशाख अमावास्येला संपला, ज्येष्ठ लागला तो थोरल्यांचा. आणि त्यांना उपासच आहे की, असंही म्हणाली. थोरल्याचं म्हणणं, माझा ज्येष्ठ खरा, तो पुढच्या अमावास्येनंतर लागतो. हा धरला तर माझ्यावर सलग दोन महिने येतात.

महिना लागून बरेच दिवस झाले होते. आत्या शेजारणींनी दान म्हणून दिलेली केळी आणि फोडताना तोंडात टाकलेले शेंगदाणे खाऊन राहिली होती. ताट आलं नाही त्या पहिल्याच दिवशी तिने उपास जाहीर करून टाकला होता.

मी दोघा भावांना ओट्यावर बसवलं. शाळेत पोरांना दाखवायची ती शिस्त दाखवून बोलले. दोघांनीही ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते. थोरला म्हणाला, "ताई, पाण्याचं आमी कसं वाटलंय, तसंच ह्ये. एकदा नियम मोडला की उद्या दांडकी निघत्याल." धाकटा म्हणाला, "पंचांगवाल्याला धरा की. त्यानंच मधी महिना घुसडलाय." सगळे हसले, जावईसुद्धा. मग मी तोडगा काढला. पौर्णिमेपर्यंत एकाने, पौर्णिमेनंतर दुसऱ्याने. तो लगेच मान्य झाला. जावई म्हणाले, शिकलेल्या माणसाचं डोकं ते. धाकट्याच्या बायकोने भाजी-भाकरीचं ताट आणून आत्यापुढे ठेवलं.

आत्याने ताटाला हात लावला नाही. सगळे आत गेल्यावर मला जवळ बसवून हळू आवाजात म्हणाली, "आता कशी खाऊ, पोरी? समदी वस्ती म्हनती म्हातारीनं अधिक धरलाय. मधीच सोडला, तर लोकं इच्यारत्याल का सोडला. मंग पोरांचं काय व्हईल?"

मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर घोडेगावला चल. ती हसली. "दोन पोरं असून भाचीच्या दारात? तू इंग्रजी शिकलीस, पन येडीच ऱ्हायलीस." मी पुष्कळ समजावलं. शेवटी तिने भाकरीची कोर मोडली, पाण्यात बुडवून खाल्ली, आणि ताट झाकून ठेवलं. महिना संपेपर्यंत दिवसातून तेवढंच.

नंतर आणखी एक अधिक महिना आला. तेव्हा माझ्या तोडग्याप्रमाणे ताटं वेळेवर आली, अर्धा महिना या दारातून, अर्धा त्या दारातून. सुनांनी आग्रहही केला. पण आता वस्तीवरच्या बायका तिचा उपास गृहीत धरून होत्या, पहिल्या दिवशीच पाया पडायला आल्या. तिने पुन्हा धरला. त्या दिवाळीनंतर ती उठली नाही. धाकट्याचा महिना होता, म्हणून डॉक्टर त्याने आणला. सगळं रीतसर झालं. मी कुणाला काही बोलू शकले नाही, कारण बोट ठेवायला जागाच नव्हती.

तुमच्याकडे मला कुणी उपाशी ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. तुमची आई माझ्यासाठी वेगळा मऊ भात करेल, काकू सकाळी फिरायला नेईल. पण सहावा महिना सरत आला की दोन घरांत फोन सुरू होतील. तिकीट, शाळेच्या सुट्ट्या, घरी येणारे पाहुणे. कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणेल, या वेळी आठवडाभर उशिरा पाठवलं तर चालेल का? आणि मी लगेच म्हणेन की मला काहीच अडचण नाही. ते वाक्य म्हणण्यात मी आत्याइतकीच तरबेज होईन.

इथे राहून फार काही बरं आहे, असं समजू नका. बँकेतला मुलगा माझ्याशी मोठ्याने, तुकड्या-तुकड्यांत बोलतो आणि पुढच्या वेळी कुणाला तरी सोबत आणा म्हणतो. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. ती तशीच राहिली तर कुणाच्या लक्षात येईल, याचा मी विचार करते आणि मला कुणाचंच नाव सुचत नाही. मी नाही म्हणाले ते इथे काही चांगलं वाट पाहतंय म्हणून नाही. वाटून घेतलं जाणं मी पाहिलं आहे, इतकंच.

आत्याचा थोरला मुलगा आता थकला आहे, धाकटा वारला. पडवी पाडून तिथे गाळे बांधले. वस्तीवर तिची आठवण निघाली की लोक अजूनही एवढंच सांगतात: म्हातारी अधिक महिना फार कडक पाळायची.